सोमवारी रुसणारं वायफाय

सोमवार, १४ जुलै

डॉक्टर म्हणाले, नीलम्माबाई, बीपी वाढलंय, राग पोटात ठेवू नका. म्हटलं, ठेवतच नाही, तोंडावर बोलून मोकळी होते. तर म्हणाले, तेही नको, लिहून काढत जा. आता साठीला टेकलेल्या बाईनं दैनंदिनी लिहायची म्हणजे पोरींना हसायला कारण. पण आज खरंच कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली आणि ज्याच्या द्यायची ते निघालं मशीन. म्हणून बसले लिहायला.

मी लातुरात मुलींच्या होस्टेलची रेक्टर. मालक शिवमूर्तीअप्पा, त्यांचं आडत दुकान आहे. पोरी सगळ्या डॉक्टरकीच्या तयारीला आलेल्या, निलंग्याच्या, लोह्याच्या, पार किनवटच्या. मला अक्का म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते लिहिणार नाही.

यंदा उन्हाळ्यात अप्पांनी हौसेनं वायफाय बसवून घेतलं. प्रत्येक मजल्यावर छताला एक पांढरी ताटली, आणि ऑफिसात एक डबा. त्या डब्याला कंट्रोलर म्हणतात, सगळ्या ताटल्या त्याच्या हुकमात. पोरींना मोबाईल ठेवायची बंदी, त्यांच्यासाठी टॅब आहेत, ते माझ्या कपाटात कुलपात. गुरुवारी सकाळी सरावाला काढायचे आणि सोमवारी क्लासच्या पेपराला. कॉपी नको म्हणून जिचा टॅब तिचाच, आणि तो होस्टेलच्या वायफायशिवाय पेपर उघडतच नाही.

आज नऊला पेपर. निम्म्या टॅबवर नुसतं चक्र फिरतंय. ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे.’ मिळव की मग! डबा बंद करून चालू केला, तरी तेच. गेल्या महिन्यातही एकदोन टॅब असे रुसले होते, पण निम्मे कधीच नाही. पेपराची वेळ संपली तरी चक्र फिरतंच होतं.

बाकीच्यांचं एक जाऊ द्या, बुद्धप्रियाचं मला वाईट वाटलं. किनवटकडच्या जंगलातल्या गावची पोर, आश्रमशाळेत शिकलेली, क्लासच्या पहिल्या तुकडीत आहे म्हणून तिची फी माफ. आणि क्लासचा नियम असा की सोमवारचे लागोपाठ तीन पेपर बुडाले की तुकडीतून बाहेर. बाहेर म्हणजे माफीही गेली, लातूरही गेलं. आज एक बुडाला.

बुधवार, १६ जुलै

वायफाय बसवणाऱ्या नांदेडच्या कंपनीनं दोन दिवस फोनवर खेळवून आज दिवेलागणीला माणूस पाठवला. सत्यम नाव. केसाला जेल, कानात ते पांढरं काहीतरी. मी टॅब काढून दाखवले आणि बघते तर काय, सगळे धडाधड चालू! एकही रुसला नाही. इतकी लाज वाटली मला. दवाखान्यात गेल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं झालं.

तो म्हणाला, "मशीनला काही न्हाई झालं मॅडम. तुमच्या पोरी कायतरी दाबून ठिवतात."

चहा पिऊन गेला. कपबशी पण जागेवर ठेवली नाही.

रविवार, २० जुलै

आज भेटीचा वार. दमले, पण बरं वाटलं. आपल्याकडं माणूस दारात आलं की आधी गूळपाणी, मग बोलणं. तीस वर्षं निलंग्याला संसार केला, एक माणूस कधी तोंड कोरडं घेऊन परत गेलं नाही. इथंही मी तेच चालवलंय. काही होस्टेलांत आईबापाला गेटवरच उभं करतात म्हणे. अशांच्या घरी कुणी पाहुणा जात असेल का, मला तर नवलच वाटतं.

आणि आता गूळपाण्याच्या जोडीला वायफाय. बिचारे खेड्यातून येतात, तिकडं रेंजचा पत्ता नसतो. आले की आधी खिशातून फोन. अक्का, पासवर्ड सांगा की! मी आता व्हरांड्यात फळाच टांगलाय, त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हाताऱ्यांनाही दिसावं म्हणून. आज निलंग्याहून एका पोरीसाठी अख्खी जीप भरून आली, आजा, चुलता, मामा, मामी. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांना मी जोडून दिला. ज्याला जमत नाही त्याचा स्वतः हातात घेऊन. मामी म्हणाली, अक्का, तुमच्यासारखं माणूस लातुरात न्हाई. अप्पा पण म्हणतात, तुमच्या पाहुणचारानं आपल्या होस्टेलचं नाव झालं. उगं कशाला खोटं बोलू, ऐकून पोट भरलं.

बुद्धप्रियाचे वडील आले होते. वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला आहेत, किनवटहून रेल्वेनं नांदेड आणि तिथून एसटी. एवढं लांबून आलेला माणूस, लेकीशी दोन शब्द बोलला आणि मग संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात फोन घेऊन बसला. काय त्या मोबाईलचं वेड लागलंय लोकांना.

सोमवार, २१ जुलै

पुन्हा तेच! पुन्हा निम्मे टॅब आंधळे! माझ्या फोनचं नेट जोडून बघितलं, टॅब म्हणतो मला होस्टेलचंच पाहिजे. टॅब आहे का जावई?

मग माझं डोकं फिरलं. सत्यम म्हणाला होता ना, पोरीच काहीतरी करतात. म्हटलं, चोरून मोबाईल ठेवले असणार, तेच सगळं वायफाय ओढून घेत असतील. एकेका खोलीतली पेटी उपसली. तांदळाच्या डब्यात एक आणि स्वेटरच्या बाहीत एक, असे दोन फोन सापडले. सापडला चोर! दोघींना असं झापलं की खालच्या किराणा दुकानदारानं वर मान करून बघितलं.

बुद्धप्रिया त्या मेल्या टॅबपुढं हात जोडल्यासारखी बसून होती. दुसरा पेपर बुडाला. रडली असती तर बरं झालं असतं, तिचं ते न रडणं मला बघवत नाही. रागाच्या भरात मी तिलाही विचारलं, "तुझ्याकडं हाय का गं फोन?"

"न्हाई अक्का."

काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं. मग माझ्याकडं बघून गप बसली. भ्याली असेल. माझा आवाजच तसा आहे.

मंगळवार, २२ जुलै

क्लासात जाऊन सरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. सर म्हणाले, "अक्का, नेट बंद होतं हे सगळेच सांगतात. एकाचं ऐकलं की शंभर येतील." म्हणजे आता एकच सोमवार हातात.

परत येऊन नांदेडच्या कंपनीला फोन लावला आणि डॉक्टरांनी लिहून काढायला सांगितलेलं सगळं तोंडानं काढलं. समोरचा माणूस म्हणाला, बाई, शांत व्हा, गुरुवारी आमच्या मोठ्या इंजिनिअरला पाठवतो. म्हटलं, मोठा असो की बारका, जेल लावलेला नको.

गुरुवार, २४ जुलै

मोठा इंजिनिअर म्हणजे एक मुलगी निघाली! उज्वला. सडपातळ, पाठीला पिशवी, पायात साध्या चपला. लोह्याजवळच्या खेड्यातली, घरी शेती. एसटीनं आली, आल्या आल्या पाणी मागितलं, आणि गुळाचा खडा मी न सांगता उचलून तोंडात टाकला. तिथंच मला आवडली.

पण माझं नशीब फुटकं. टॅब काढले तर सगळे चालू! मी म्हटलं, "बघ बाई, हे मशीन मला खोटं पाडून राहिलंय. बुधवारी चांगलं, गुरुवारी चांगलं, आन् सोमवारी बोंब."

ती हसली नाही. तिनं तेवढंच धरलं. "सोमवारीच? बुधवारी सकाळी बघितलं व्हतं का तुम्ही?" म्हटलं, नाही, संध्याकाळी. मान हलवली. "अक्का, चालतंय म्हणून सोडून दिलं तर सोमवारी पुन्हा बसंल. दुखणं गेलं कुठं ते बघावं लागतं."

मग लॅपटॉप त्या डब्याला जोडून बसली ते चार वाजेपर्यंत. काय ती एकाग्रता! सत्यम सारखा इकडंतिकडं बोटं मारायचा, ही आधी नुसतं वाचत होती. मध्येच एक यादी बघून तिला हसू फुटलं. ओठ दाबून घेतले, पण मला दिसलं.

मी म्हटलं, मलाही समजावून सांग, मी काही अडाणी नाही. तर किती सोपं करून सांगितलं! प्रत्येक यंत्र वायफायमध्ये शिरलं की त्याला एक पत्ता लागतो. तो डबा पत्ते वाटतो. पत्ते मोजके. ज्यानं घेतला त्याच्या नावावर तो तीन दिवस राहतो, ते यंत्र निघून गेलं तरी. म्हणजे पंगतीतला माणूस उठून गावाला गेला तरी त्याची पत्रावळ तीन दिवस तशीच मांडलेली! मग मागून आलेल्याला बसायला जागा नाही. म्हटलं, "असलं कसलं वाढपं? आन् एवढं जेवून कोण जातंय?"

"बघते मी," म्हणाली. "रविवारी काय असतं तुमच्याकडं?"

ही बया कामात असून माझी विचारपूस करते, मला कौतुक वाटलं. सगळं सांगितलं, गूळपाणी, भेटीचा वार, निलंग्याची जीप, व्हरांड्यातला फळा. फळा दाखवला. ती त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मी तिला दोन चोरांची गोष्टही सांगितली. तर म्हणाली, "दोन फोननं एवढं न्हाई होत अक्का. त्या पोरींना फार बोलू नका."

जाताना म्हणाली, रविवारी येते. मी म्हटलं, रविवारी तुला सुट्टी ना? "असू द्या," म्हणाली. अशी माणसं नांदेडात आहेत आणि कंपनी आमच्याकडं सत्यमला पाठवते!

रविवार, २७ जुलै

आज गर्दीचा कहर. परवा नागपंचमी, तेव्हा जो तो पोरीसाठी ज्वारीच्या लाह्या घेऊन आला. उज्वला सकाळच्या पहिल्या गाडीनं हजर. मी ऑफिसात पंखा लावून दिला तर म्हणे, नको, व्हरांड्यात बसते. लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. मी लोकांना पाणी देत होते, पासवर्ड सांगत होते, ती एकदा माझ्याकडं बघायची आणि एकदा लॅपटॉपकडं. दुपारी म्हणाली, "अक्का, झाले बगा पत्ते खलास." आणि रागावणं सोडून गालात हसली! कामाचा इतका आनंद मी कुणाला झालेला बघितला नाही.

मग तिनं जे केलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. वायफायचे दोन भाग केले. टॅबचं वेगळं, त्याचा पासवर्ड नवा, तो तिनं एकेक टॅब हातात घेऊन घातला, कुणाला सांगायचा नाही, मलाही सांगितला नाही. आणि दुसरं वायफाय पाहुण्यांचं. त्याचे पत्ते भरपूर, आणि माणूस गेला की तासाभरात पत्रावळ मोकळी. त्या वायफायला नावच दिलं, ‘पाहुणे’. बघा, किती रीत आहे पोरीला. पाहुण्यांसाठी खास सोय! फळ्यावर नवा पासवर्ड तिनंच लिहिला, माझ्यापेक्षा सुवाच्य.

सगळी गर्दी असतानाच टॅब काढून दाखवले. एकूण एक चालू. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात अप्पा आले. व्यापारी माणूस, झालं ते झालं असं त्यांच्याकडं नसतं. "चूक कुणाची व्हती?" सरळ सवाल. मी म्हणणार होते, त्या दोन पोरींची. पण उज्वलाच बोलली, "आमची, अप्पा. बसवताना नांदेडातून मीच पत्ते कमी ठेवले आन् तीन-तीन दिवस अडकवले. माझ्याकडून राहिलं."

अप्पा भडकले. उद्या तुमच्या साहेबांना फोन करतो म्हणाले. तिनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं आणि नवलही वाटलं, एवढी हुशार मुलगी, अशी चूक कशी केली? पण इमान बघा! दहा जणांत आपली चूक आपल्या तोंडानं सांगणारं माणूस आज कुठं मिळतं? डबा भरून लाह्या दिल्या तिला. स्टँडपर्यंत सोडायला गेले.

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. पहाटे उठून इष्टलिंगपूजा केली आणि देवाला स्पष्ट सांगितलं, आज माझ्यासाठी काही मागत नाही, त्या पोरीचा टॅब चालव.

नऊ वाजले. मी बुद्धप्रियाच्या मागं उभी. चक्र एकदा फिरलं आणि पेपर उघडला! एक, दोन, सगळ्या हॉलचे उघडले. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

पेपर झाल्यावर बुद्धप्रिया ऑफिसात आली. म्हटलं, कसा गेला गं? चांगला गेला म्हणाली, तुकडीत राहीन. आणि मग तिथंच उभी. म्हटलं, आता काय?

"अक्का, अप्पा त्या मॅडमची तक्रार करणार हायत का?"

"करणार म्हणाले खरं. तिचीच चूक व्हती ना."

"त्यांची न्हाई अक्का." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रविवारी पाहुणे लई आले की सोमवारी टॅब बंद पडायचा. कमी आले की चालायचा. मला कवाच कळलं व्हतं."

मला अजूनही कळेना. मग एकदम लख्ख दिसलं. तो फळा! ती जीप! एकेकाचा फोन हातात घेऊन मी जोडून दिलेला! पत्रावळ्या मीच वाटून टाकल्या होत्या, आणि मग पोरींच्या पेट्या उपसत फिरले. त्या यादीत उज्वलाला काय दिसलं असेल, निलंग्याच्या आजा-चुलत्यांचे फोन! आणि मला वाटलं, पोर माझी विचारपूस करतेय.

"कळलं व्हतं तर बोलली का न्हाईस? तुझी तुकडी जात व्हती की गं!"

"बोलले असते तर तुम्ही पाहुण्यांचं वायफाय बंद केलं असतं." खाली बघूनच बोलली. "आमच्या गावात रेंज न्हाई. बाबा हितं येऊन क्लासचे व्हिडिओ भरून नेतात, धाकटीसाठी. ती त्याच्यावरच अभ्यास करून राहिली. पुढच्या वर्षी तिची पण परीक्षा हाय. मला वाटलं, माझं एक गेलं तर जाऊ दे."

देवा! ह्या पोरीनं आपली जागा पणाला लावली आणि मी तिच्या बापाला मोबाईलवेडा ठरवलं. मी तिला जवळ ओढून घेतलं. पोरींना जवळ घ्यायची मला सवय नाही, दोघी अवघडलो, पण सोडलं नाही.

मग तशीच चपला घालून अप्पांच्या दुकानी गेले. हमाल, गिऱ्हाईक सगळे होते, कुणाची पर्वा केली नाही. म्हटलं, अप्पा, फोन ठेवा खाली. त्या मुलीची चूक नव्हती, माझी होती. फळ्यावर पासवर्ड लिहून अर्ध्या जिल्ह्याला मी वाटला. अप्पा आधी डोळे बारीक करून बघत बसले, मग म्हणाले, "अक्का, फळा काढून टाकायचा का मग?" म्हटलं, खबरदार! आता त्याला काही होत नाही, उज्वलानं बंदोबस्त केलाय. फोन करायचाच तर तिच्या साहेबांना करा आणि तिची तारीफ करा. माझ्यासमोर करायला लावला.

संध्याकाळी उज्वलाला फोन लावला. चांगलं ओरडायचं ठरवलं होतं.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं ना गं? मग सगळ्यांसमोर आपल्या अंगावर कामून घेतलंस? सांगायचं की मला, अक्का, तुम्हीच येड्यावानी वाटून राहिल्या म्हणून!"

तिकडं मागं बसचा आवाज येत होता.

"अक्का, मी नांदेडला होस्टेलला व्हते. रविवारी आई यायची, शेतातून उठून थेट. गेटच्या आत घेत नव्हते. उन्हात रस्त्यावर उभी राहून डबा द्यायची आन् तशीच माघारी जायची. पाणी पण कुणी विचारलं न्हाई कधी. तुमच्या व्हरांड्यात बसले आन् मला आईच दिसत व्हती. तुमची चूक हाय म्हणाले असते, तर तुम्ही हात आखडला असता. मला ते नको व्हतं."

ओरडायचं राहूनच गेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ दिलं.

"येत्या रविवारी आईला घेऊन ये," मी म्हटलं. "माझ्याकडं. काम नको काढू, नुसतं यायचं."

"हाव अक्का," म्हणाली. "आणते."

फोन ठेवला, तोंड धुतलं आणि उपास सोडायला बसले.